निम्मे आकडे

माझा दादा रक्ततपासणीला अभ्यास करून जायचा, हे मला तब्बल दोन वर्षांनी कळलं.

वहिनीचा फोन आला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि मी प्रयोगशाळेत पेशींना खायला घालत होते. फोन घ्यायचा म्हणजे हातमोजे काढा, बोलून झालं की नवे घाला, पुन्हा कोपरापर्यंत स्पिरिट चोळा. तीनदा वाजू दिला. चौथ्यांदा मात्र मोजे काढले.

"ताई, रागावू नका हं," वहिनी म्हणाली. वहिनीनं अशी सुरुवात केली की मी आधीच रागावलेली असते. "ते कोलेस्टेरॉलची गोळी रोज घेत नाहीत. तपासणीची तारीख ठरली की आधी तीन आठवडे घेतात. रिपोर्ट चांगला आला की बंद."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

म्हणजे दर सहा महिन्यांनी तो मला फोनवर रिपोर्टचा फोटो पाठवत होता, मी खूश होऊन 'शाब्बास' लिहीत होते, आणि माझी पाठ वळली की हा पठ्ठ्या पुढच्या परीक्षेपर्यंत पुस्तक मिटून ठेवत होता. कळस म्हणजे मी त्याचं उदाहरण सगळ्यांना देत फिरत होते. बघा, माझा भाऊ, साधा दुकानदार, पण कसा नियमानं गोळी घेतो. मी कपाळावर हात मारला आणि हातावरचं स्पिरिट डोळ्यात गेलं.

माझं काम यकृताच्या पेशी सांभाळायचं. हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, पण काम गुराख्याचं. वेळेवर खायला घाला, ऊब द्या, घाण काढा, आणि रुसल्या तर का रुसल्या ते शोधत बसा. सदतीस अंशांच्या कपाटात सपाट बाटल्यांमध्ये त्या राहतात, गुलाबी पाण्यावर जगतात आणि सुट्टीच्या दिवशीही भुकेल्या असतात. दादानं मला 'पेशीवाली' नाव ठेवलंय आणि ते आता घरीदारी सगळ्यांच्या तोंडी बसलंय.

आम्ही काय बघतो ते सांगायला फार वेळ लागत नाही. रक्तात कोलेस्टेरॉल सुटं फिरत नाही, त्याची बारीक पुडकी बांधलेली असतात. यकृताची पेशी ही पुडकी अंगावर पकडते, आत ओढते आणि फोडून वापरते. आम्ही पुडक्यांना चमकणारा रंग देतो. चांगली पेशी थोड्या वेळात आतून उजळते. सदोष पेशी काळोखी राहते आणि पुडकी बाहेर तरंगत राहतात. माणसाच्या बाबतीत बाहेर म्हणजे रक्तात. वर्षानुवर्षं तरंगली की ती हृदयाच्या धमन्यांच्या भिंतीत शिरतात, तिथे थर धरतात, आणि एक दिवस वाट बंद होते. म्हणजे बिघाड एकाचा आणि मरण दुसऱ्याचं. आठ वर्षं मी हेच बघतेय आणि माझ्याच घरातल्या माणसाला ते पटवता येत नाही, याची मला जितकी चीड येते तितकी कशाचीच येत नाही.

त्या दिवसांत सगळंच बिनसलं होतं. पेशींच्या दोन बाटल्यांत बुरशी शिरली. नवे बूट टाचेच्या मागे लागायचे. तीन महिन्यांत तिसरा जोड झाला तरी तेच. आणि आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी नेहमीप्रमाणे तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त हवं म्हणून सगळ्यांना बाह्या वर करायला लावल्या. मी नेहमीप्रमाणे सुया आणायला स्टोअरमध्ये गेले आणि परत यायला उशीर केला. कामं काय कमी असतात.

दादाचं मटणाचं दुकान आहे. आधी बाबांचं होतं. बाबा त्रेचाळिसाव्या वर्षी त्याच दुकानात, हातात सत्तूर असताना खाली बसले ते उठलेच नाहीत. दादा वीस वर्षांचा होता, मी चौदा. भेटायला येणारं प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलून गेलं: रोजचं मटण नडलं. आईनं ते वाक्य मनाला लावून घेतलं, कारण ते भरपूर तेलातलं मटण तीच शिजवत होती. आणि दादानं त्या महिन्यात कानाला खडा लावला. बावीस वर्षं झाली, तो मटण विकतो पण खात नाही. आई त्याला तेलाचा थेंब न घालता सगळं उकडून देते. तोही आजारी माणसासारखं मुकाट्यानं खातो. अंगानं काटकुळा, सकाळी पाचला उठून चालायला जातो. त्याची गिऱ्हाइकं ऐंशीची होऊन काठी टेकत मटण न्यायला येतात आणि ह्याचं कोलेस्टेरॉल तीनशे चाळीस.

"मशीन बिघडलं असेल," पहिला रिपोर्ट आल्यावर तो म्हणाला होता. "माझ्या अंगात चरबी कुठाय?"

"अंगात नाही. रक्तात आहे आणि बोलण्यात आहे."

तो हसला होता. मी त्याच्या बोटांच्या सांध्यांवरच्या गाठी दाखवल्या, तर आणखी हसला. "हे घट्टे आहेत, येडे. बाबांनाही होते. सत्तूर धरणाऱ्याची खूण आहे ती." घट्टे तळहाताला पडतात, सांध्यांच्या वरच्या बाजूला कसे पडतील, हा प्रश्न आमच्या घरात दोन पिढ्यांत कुणालाही पडला नव्हता. ती कोलेस्टेरॉलची साठवण होती. मी सांगितलं. त्यानं बोटं मिटून घेतली आणि सुरीला धार लावायला गेला.

तर वहिनीचा फोन आला त्याच दिवशी काम आटपून मी तडक दुकानात गेले. तिथेच चूक झाली. संध्याकाळची वेळ, सात-आठ गिऱ्हाइकं उभी, आणि माझं डोकं फिरलेलं.

"तू गोळ्या बंद केल्यास?"

"नंतर बोलू."

"नंतर कधी? बाबांच्या वयाला आलायस. तुझ्या लिव्हरमध्ये दोष आहे, कळतंय का तुला? लिव्हर!"

एका काकांनी दादाकडे नीट निरखून पाहिलं आणि मान हलवली. तेव्हा मला ती मान का हलली ते कळलं नाही. लिव्हर खराब म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते, बाटली. दुसऱ्या दिवसापर्यंत गल्लीभर झालं की मटणवाला चोरून पितो, सख्ख्या बहिणीनंच सांगितलं. ज्या माणसानं बावीस वर्षं मटणाला तोंड लावलं नाही, ज्यानं दारूचा वासही घेतला नाही, त्याला शेजारचा शिंपी आडोशाला घेऊन म्हणाला, "घरच्यांचा विचार कर, सोड ती."

दादानं उरलेल्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या. माझ्याशी बोलणं बंद. आईनं फोनवर मला झापलं. "माझ्या पोराचं काळीज सोन्यासारखं आहे, आणि तू चारचौघांत त्याला बेवडा ठरवलंस."

"आई, मी तसं म्हटलंच नाही. दुकानात आपण लिव्हरला काळीजच म्हणतो ना, मी खरं तर काळजाबद्दलच बोलत होते."

"मग तसं म्हणायचं."

तीन आठवडे दादाच्या तोंडाला कुलूप. मी सतरा निरोप पाठवले. त्यानं सगळे वाचले आणि एकालाही उत्तर दिलं नाही. मी चिडायची, मग रडायची, मग रडले म्हणून चिडायची. प्रयोगशाळेत मला हजार पेशींमधली कुठली काळोखी आहे ते ओळखता येत होतं, आणि एका माणसाला दिवसाला एक गोळी गिळायला लावता येत नव्हती. मग पुन्हा वहिनीचा फोन आला. ह्या वेळी 'रागावू नका' नव्हतं.

"काल बोकड उचलताना छाती दाबून उभे राहिले. पाच मिनिटं. मला म्हणाले, पित्त आहे. ताई, त्यांनी मला सांगू नको म्हणून शपथ घातलीय."

मी दुपारी गेले. दुकान दोन ते चार बंद असतं. शटर अर्धं खाली होतं, आत दादा मटण तोडायचा ओंडका घासत होता. धुतलेल्या लादीवरून पाणी दाराकडे वाहत होतं. मी वाकून आत शिरले. त्यानं वर पाहिलं नाही.

"चुकले," मी म्हणाले. "लोकांसमोर तसं बोलायला नको होतं."

"हं."

"पण तू मरशील."

"सगळेच मरतात."

"त्रेचाळिसाव्या वर्षी नाही मरत सगळे." माझा आवाज चढला. मी तो खाली आणला, पण धड आला नाही. "दादा, गोळी न घेता तुझा आकडा किती असेल माहितेय? मागच्या वेळचा आकडा खोटा होता. तू तीन आठवडे..."

"आकडा, आकडा, आकडा." त्यानं ब्रश बादलीत फेकला. "दोन वर्षं झाली, फोन केला की आकडा. ह्या दुकानात आकडा म्हणजे हा." त्यानं बाजूचा सत्तूर उचलून टोक वर केलं. डोक्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी दांडा, आणि त्याला माल टांगायचे दहा आकडे. दुपारची वेळ असल्यामुळे सगळे रिकामे.

मी वर त्या आकड्यांकडे पाहिलं. आठ वर्षं मी लोकांना हे समजावतेय. पेशीच्या अंगावर पुडकी पकडायची जी सोय असते तिला आम्ही परक्या भाषेतला एक जडजंबाल शब्द वापरतो. ऐकणाऱ्याचे डोळे तिथेच मिटतात. आणि मी खाटकाची मुलगी, जन्मभर ह्या दांड्याखालून ये-जा केलेली, मला 'आकडा' हा शब्द कधी सुचला नाही. मला स्वतःचाच राग आला.

"दादा, ह्यातले पाच काढून खाली ठेव."

"कशाला?"

"ठेव तर."

का कोण जाणे, त्यानं ऐकलं. एकेक आकडा काढून ओंडक्यावर ठेवला. खणखण आवाज झाला.

"रोज दहा बोकड येतात समज. आता किती टांगशील?"

"पाच."

"बाकीचे?"

"लादीवर पडतील. नासतील. मी कमी मागवीन."

"तेच करतोयस तू बावीस वर्षं. मटण नाही, तेल नाही, कमी मागवतोयस. त्यानं थोडाफार फरक पडतो, नाही असं नाही. पण काळजाला माल, म्हणजे कोलेस्टेरॉल, बाहेरूनच लागतो असं नाही. काळीज तो स्वतःच बनवतं. तू काही खाल्लं नाहीस तरी बनवतं."

दादाचा हात आपोआप उजव्या बरगडीखाली गेला. आम्हा दोघा भावंडांची ही जुनी खोड. लोक काळीज म्हणताना छातीवर डावीकडे हात ठेवतात आणि दादाला त्याचं भारी हसू यायचं. रोज हातानं काढून ताटात ठेवणाऱ्याला काळीज कुठे असतं ते कुणी शिकवावं लागत नाही.

"म्हणजे बनवतंही काळीज आणि उचलतंही काळीज?"

"हो. ते माल रक्तात सोडतं, आणि उरलेला आकड्यांनी परत उचलून घेतं. तुझ्या काळजाच्या पेशींना जन्मापासून आकडे निम्मे आहेत. तुझं काही चुकलं नाही. दारूनं नाही, मटणानं नाही. जन्मापासून पाच."

तो ओंडक्यावरच्या लोखंडाकडे बघत राहिला. मग खरा धंदेवाईक प्रश्न आला. "आणि गोळी काय करते? आकडे बनवते?"

"गोळी काळजाचं स्वतःचं उत्पादन कमी करते. घरात माल कमी पडला की काळजाला तो बाहेरून आणावा लागतो. मग ते जास्तीचे आकडे लावतं."

त्यानं एक आकडा उचलून दांड्याला लावला. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं दुसरा लावला.

"सात?"

"सात, आठ. माणसागणिक वेगळे. कमी पडले तर डॉक्टर दुसरं औषध देतात. लावलेले आकडे काळीज मधूनमधून मोडीतही काढतं, ते मोडू न देणारं औषध आहे."

"आणि गोळी बंद केली की?"

त्यानंच हात वर केला, नुकतेच लावलेले दोन्ही आकडे काढले आणि ओंडक्यावर ठेवले. तो त्यांच्यावर हात ठेवून उभा होता. सांध्यांवरच्या गाठी उजेडात पिवळट दिसत होत्या.

"म्हणजे परीक्षेपुरते टांगायचे आणि मास्तर गेला की काढून ठेवायचे," तो म्हणाला. "मी येडाच आहे."

"आहेसच."

"बाबांचेही पाच?"

"बहुतेक."

"मग आई उगाचच..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. बावीस वर्षं उकडलेली भाजी त्याच्या चेहऱ्यावर दिसली. "तिला तू सांग. मला नाही जमायचं."

"सांगते."

"चिंगीचे किती?"

चिंगी त्याची मुलगी, नऊ वर्षांची. हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. तो इतका सरळ येईल असं वाटलं नव्हतं. "पाच किंवा दहा. नाणं उडवल्यासारखं आहे, निम्मी शक्यता. तपासल्याशिवाय कळणार नाही. असलेच पाच, तर लहानपणी कळलेलं बरं."

"तपासू. उद्याच." मग तो बादलीतला ब्रश काढायला वाकला आणि वाकलेला असतानाच त्यानं विचारलं, "आणि तुझे?"

"काय माझे?"

"आकडे."

शटरखालून गल्लीतला आवाज येत होता. कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं.

"मी बाबांचा मुलगा, मला पाच. तू बाबांची मुलगी. नाणं तुझ्यासाठीही उडलं असेल ना? तुझा रिपोर्ट काय म्हणतो?"

"मी... तपासलं नाही."

"ह्या वर्षी?"

"कधीच."

दादा सरळ झाला. मला वाटलं, आता हा ओरडणार, आणि ओरडायचा त्याला पूर्ण हक्क होता. तो ओरडला नाही. त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. दिवसभर चालत्या जनावराचे पाय बघून लंगडं कुठलं ते ओळखणारा माणूस तो.

"मघाशी आत आलीस तेव्हा पाय टेकवताना तोंड वाकडं केलंस."

"बूट लागतात. नवे आहेत."

"मागच्या महिन्यात वहिनीला हेच सांगितलंस. तेव्हाही नवेच होते." त्यानं ब्रश बाजूला ठेवला. "बाबांनी शेवटच्या वर्षी चपलांचे चार जोड बदलले. टाचेच्या मागे लागतात म्हणायचे. आई जाम चिडायची. तुला आठवत नसेल, तू लहान होतीस."

मला आठवत नव्हतं. पण टाचेच्या मागच्या शिरेवर दादाच्या बोटांवरच्यासारखी गाठ आली की तिचा अर्थ काय असतो, हे माझ्या टेबलावरच्या पुस्तकात चित्रासकट आहे. ते पान मी नव्या मुलांना शिकवते. रोज रात्री मोजा काढताना ती गाठ माझ्या बोटाला लागत होती, आणि मी बूट बदलत होते. दादाच्या जिवाची मला भीती वाटत होती, ती खोटी नव्हती. पण त्या भीतीच्या आडोशाला माझी स्वतःची भीती बसून होती, आणि तिला बाहेर काढायला नको म्हणूनच मी त्याच्यावर इतकी ओरडत होते. हे मला तिथे, ओल्या लादीवर उभं असताना कळलं आणि फार लाज वाटली.

"उद्या सकाळी सात," दादा म्हणाला. "तिघंही. उपाशीपोटी. आणि तू रात्रीतून अभ्यास करायचा नाहीस."

"तू आधी डॉक्टरकडे जायचं. छातीचं दाखवायला. आजच."

"तुला कुणी सांगितलं?" मग त्याच्या लक्षात आलं. "हिच्या पोटात काही राहत नाही." पण त्यानं शटर वर केलं नाही. दुकान त्या संध्याकाळी बंदच राहिलं. आम्ही रिक्षा केली.

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, गोळ्या लिहून दिल्या, जड उचलायचं नाही म्हणून सांगितलं आणि आठवडाभरात पुढची तपासणी ठेवली. दादानं पहिली गोळी तिथेच, त्यांच्या टेबलावरच्या ग्लासातल्या पाण्यानं घेतली आणि माझ्याकडे बघून ग्लास उलटा करून दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रक्त द्यायला गेलो. चिंगी सुईला घाबरत होती, म्हणून दादानं आधी स्वतःची बाही वर केली, मग तिची. माझा नंबर शेवटी आला. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म पुढे सरकवला. नाव, वय, घरात कुणाला हृदयविकार आहे का, याआधी कोलेस्टेरॉल कधी तपासलं होतं का. शेवटच्या प्रश्नाला मी 'नाही' लिहिलं.

त्या 'नाही'च्या बरोबर खाली व्यवसाय असा एक रकाना होता. तो मी रिकामा सोडला आणि फॉर्म परत दिला.